चैन

उर्दू शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला काही शब्द दोन्ही घरी भेटतात, पण प्रत्येक घरी त्यांचा चेहरा वेगळा असतो. 'चैन' हा असाच एक शब्द. उर्दूत चैन म्हणजे मनाची स्वस्थता. तापाने फणफणलेले मूल पहाटे झोपी गेले की आईला मिळते ती चैन. मराठीत चैन म्हणजे गरज नसताना केलेला खर्च. 'चैनीच्या वस्तू', 'एवढी चैन आपल्याला परवडायची नाही', 'बापाच्या पैशावर चैन करतो' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात थोडा ठपका असतोच. गंमत अशी की 'बेचैन' हा शब्द मात्र मराठीने उर्दूच्याच अर्थाने ठेवून घेतला आहे. त्यामुळे मराठीत माणूस चैन करता करता बेचैन होऊ शकतो. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांचे बहुतेक वेळा तसेच होते.

कुणाला दाखवायचे नसताना, कुठला सणवार नसताना, माणसाने केवळ स्वतःच्या आनंदासाठी खर्च करावा काय? आणि केला तर मराठीतल्या चैनीला उर्दूतली चैन कधी लाभते? प्रश्न तसा जुनाच आहे. आमच्यापुढे तो एका परक्या गावात, जेवणाच्या टेबलावर आला. म्हणून त्या जेवणाच्या आधारानेच तो आपल्यापुढे मांडतो.

आम्ही दोघे नवरा-बायको उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. बी.एड. झालेले, पस्तिशी ओलांडलेले, घराच्या कर्जाचे हप्ते भरणारे. २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत भाईजानांकडे लंडनला जाणे झाले. तिथून स्वस्तातल्या विमानाने मालागा आणि मालागाहून बसने ग्रॅनडा, असा चार दिवसांचा बेत आम्ही तीन वर्षे पैसे साठवून आखला होता. ग्रॅनडा म्हणजे आमच्या उर्दूतले गरनाता. इक्बाल १९३३ साली स्पेनला जाऊन आले आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही त्यांची कविता १९३५ च्या 'बाल-ए-जिब्रील' या संग्रहात आली. तेव्हापासून उर्दूच्या शिक्षकाला अंदलुसचे नाव ऐकले की हुरहुर लागते. हुरहुरीने पोट मात्र भरत नाही. पहिले तीन दिवस आम्ही भाभींनी बांधून दिलेल्या पोळ्या, लोणचे आणि दुकानातली केळी यांवर काढले. शेवटच्या संध्याकाळी ठरवले की आज बाहेर, नीट बसून, जे या गावचे आहे ते खायचे. या गावचे जे आहे ते म्हणजे तापास.

स्पॅनिशमध्ये 'तापार' म्हणजे झाकणे. ग्लासात धूळ किंवा माशी पडू नये म्हणून त्यावर पावाचा तुकडा किंवा मांसाची चकती ठेवत, त्या झाकणाला 'तापा' म्हणू लागले, असे सांगतात. तापास हे त्याचे अनेकवचन. आज तापा म्हणजे बशीभर पदार्थ. माणसे एका ठिकाणी दोन बशा खातात, गप्पा मारतात, उठतात आणि पुढच्या गल्लीत जाऊन आणखी दोन बशा मागवतात. बशी मध्ये ठेवायची आणि सगळ्यांनी तीतून घ्यायचे, हा शिरस्ता. स्पेनच्या बहुतेक शहरांत या बशीचे पैसे पडतात. ग्रॅनडात मात्र अजून अशी रीत आहे की तुम्ही पेय मागवले की त्याबरोबर एक बशी फुकट येते. दुसरे पेय मागवले की दुसरी येते, बहुधा वेगळ्या पदार्थाची. पेय दारूच असले पाहिजे असे नाही, लिंबाच्या थंड पेयावरही बशी येते. फक्त त्या फुकटच्या बशीत काय असावे, हे बहुतेक ठिकाणी दुकानदार ठरवतो.

आमची अडचण नेमकी इथे होती. ग्रॅनडातल्या अशा दुकानात शिरले की आढ्याला टांगलेल्या डुकराच्या मांड्या दिसतात. मीठ लावून महिनोन्महिने मुरवलेल्या या मांड्यांना 'हामोन' म्हणतात आणि स्पॅनिश माणसाला त्यांचा फार अभिमान. आजूबाजूला वाइनचे ग्लास. जिथे दारू प्यायली जाते त्या दस्तरखानावर बसूच नये असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्याला आधारही आहे. अशांसाठी त्याच गावात काल्देरेरिया नुएवा नावाच्या चढावाच्या गल्लीत पुदिन्याचा चहा देणारी मोरोक्कन धाटणीची दुकाने आहेत. आमच्यापैकी एकाचे मत तिकडेच जावे असे होते. शेवटी बिब-रांब्ला नावाच्या चौकात उघड्यावर मांडलेले एक स्वतंत्र टेबल दिसले. त्या टेबलावर आम्हीच दोघे आणि पेयही आमचेच, एवढ्यावर एकमत झाले.

पहिली बशी आली ती पावावर हामोनची चकती घेऊनच. आम्ही दोन वाक्ये आधीच पाठ केली होती, डुकराचे मांस नको आणि दारू नको. ती म्हटली. वाढणारा पन्नाशीचा माणूस. त्याने बशी उचलली, 'बाले' म्हणजे 'ठीक' म्हणाला आणि आत गेला. दोन मिनिटांत दुसरी बशी घेऊन आला. कपाळाला आठी नव्हती. 'का' असे विचारले नाही. आमच्या हिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहून जाणतेपणाने हसलाही नाही. एका बशीच्या जागी दुसरी आली, एवढेच झाले. या एवढ्याशा गोष्टीचा विचार आम्ही नंतर जितका केला, तितका अलहम्ब्रा पाहूनही केला नसेल.

दुसऱ्या बशीत वांग्याचे तळलेले काप होते आणि वरून काळसर काहीतरी ओतलेले. चाखले तर काकवी! ग्रॅनडाच्या दक्षिणेला मोत्रीलच्या किनाऱ्यावर अरबांनी नेलेला ऊस शतकानुशतके पिकत होता. त्या उसाचीच ही रीत. पुढे आम्ही पैसे देऊन आणखी तीन बशा मागवल्या. एकीत 'बोकेरोनेस' नावाचे बारके मासे पिठात घोळवून तळलेले होते. कोकणातल्या माणसाने डोळे मिटून खाल्ले तर मांदेलीच म्हणावे. दुसरीत संत्र्याच्या फोडी, खारवलेला कॉड मासा, कांदा आणि ऑलिव्ह यांची कोशिंबीर होती. तिसरीत बटाटा घातलेले अंड्याचे जाड धिरडे.

खाता खाता शब्दांकडे लक्ष गेले. शिक्षकाची खोड, जाणार कुठे? वांग्याला तिथे बेरेन्हेना म्हणतात. संस्कृतातले वातिंगण फारसीत बादिंगान झाले, अरबीत बाजिंजान झाले आणि स्पेनमध्ये बेरेन्हेना. आपले वांगे त्याच घरचे. नारिंगाचे नारंज आणि मग नारान्हा झाले. शर्करेचे सुक्कर आणि मग आसूकार. तेलाला ते आसेइते म्हणतात, ते अरबीतले जैत. बटाटा राहिला. तो अमेरिकेतून आला आणि कोलंबसाला त्या सफरीची सनद मिळाली ती १४९२ च्या एप्रिलमध्ये, ग्रॅनडाच्या वेशीवरल्या सांता फे या गावी. चार बशांत तीन खंड बसले होते. 'हे आमचे, ते तुमचे' असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ताटात डोकावू नये, एवढेच खरे.

बिल आले २६ युरो. आपले तेव्हाचे सुमारे २,३०० रुपये.

आता बेचैनी सुरू झाली. आमच्या वर्गात अशी मुले आहेत की शालेय पोषण आहाराची खिचडी हेच त्यांचे दिवसातले पोटभर जेवण. अशा घरात २,३०० रुपयांत आठवड्याचा किराणा येतो. मग हा खर्च कशासाठी? पोट तर केळी-पोळीनेही भरले असते.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर असते, 'आपल्या कष्टाचे पैसे आहेत, कुणाच्या बापाचे काय जाते?' हे उत्तर आम्हाला पटत नाही. कष्ट आमच्या मुलांचे आई-बापही करतात. बिगारीवर जाणारा बाप आमच्यापेक्षा कमी राबत नाही. तेव्हा कष्ट हे चैनीचे प्रमाणपत्र ठरू शकत नाही. दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे, 'जगात एक जरी उपाशी असेल तर आपला प्रत्येक जास्तीचा घास चोरीचा.' हे ऐकायला थोर वाटते. पण ते खरे मानले तर ईदचा शीरखुर्माही कुणी खाऊ नये, मुलीला नवी ओढणी घेऊ नये, पुस्तक विकत घेऊ नये आणि हे वार्षिकही निघू नये. ज्या कर्तव्याला माप नाही ते कर्तव्य कुणी पुरे करू शकत नाही. फक्त त्याच्या नावाने जन्मभर खंत करत राहतो. खंत करणाऱ्याचा उपाशी माणसाला काडीचाही उपयोग नसतो.

इथे आम्हाला आपल्या परंपरेतले एक शहाणपण मोलाचे वाटते. जकातीला माप आहे. ठरावीक मर्यादेवरची, वर्षभर राहिलेली मालमत्ता आणि तिच्यातले अडीच टक्के. देणाऱ्याच्या मर्जीचे दान नव्हे, घेणाऱ्याचा हक्क. तो हक्क चुकता केला की उरलेले आपले. त्यापुढे कुणी सढळ हाताने सदका द्यावा, ते चांगलेच. पण माप असल्यामुळे दोन गोष्टी होतात. कंजूष माणसाला पळवाट राहत नाही आणि प्रामाणिक माणसाला घास गिळता येतो. मापाची ही दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. बेमाप कर्तव्य माणसाला बेचैन ठेवते. मापातले कर्तव्य पुरे केले की चैन पडते, उर्दूतली.

हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा यांची हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके बुडाले होते की घर आणि देह यांच्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. पाहुणे म्हणून आलेल्या सलमानांनी हट्ट धरला की यजमान जेवल्याशिवाय आपण जेवणार नाही. आणि मग त्यांना समजावले की ईश्वराचा हक्क आहे तसा तुमच्या जिवाचाही तुमच्यावर हक्क आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला द्यावा. हे पैगंबरांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी सलमानांचे म्हणणे खरे ठरवले. स्वतःचा जीव हादेखील एक हक्कदार आहे, हा विचार आपल्या बोलण्यात फार कमी येतो.

का येत नाही? कारण आपल्याकडे दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी केलेल्या खर्चाला आपण चैन म्हणत नाही. वलीम्याला कर्ज काढून पाचशे पाने उठवली तर ती इज्जत. तोच माणूस बायकोला घेऊन कधी हॉटेलात बसला तर 'काय चैन चाललीय!' दिखाव्याला माफी आणि आनंदाला ठपका, असा आपला उलटा हिशेब आहे.

याचा भुर्दंड बसतो तो घरातल्या बाईला. आमच्या अम्मी, आणि बहुधा तुमच्याही, सगळ्यांचे झाल्यावर जेवत. माशाचा मधला तुकडा पाहुण्याला, डोके मुलांना आणि पातेल्याला लागलेले कालवण त्यांना. लोक याला त्याग म्हणतात. पण त्याग म्हणजे हातात असलेले सोडणे. मधला तुकडा त्यांच्या पानात पडला होता कधी? 'तुम्हाला काय आवडते' असे त्यांना कुणी विचारले होते? जे घेण्याची मोकळीकच नव्हती, ते सोडले असे कसे म्हणावे? त्यागाला किंमत येते ती भोगाची मोकळीक असेल तेव्हाच.

हे वाक्य आम्ही त्या टेबलावर बसून एकमेकांना म्हटले आणि लगेच लक्षात आले की ते उलट्या बाजूनेही खरे आहे. भोगाला किंमत येते ती 'नको' म्हणण्याची मोकळीक असेल तेव्हा. ते कळायला ग्रॅनडाइतके योग्य गाव नाही.

१४९१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रॅनडाचा सुलतान अबू अब्दुल्लाह आणि स्पेनचे राजा-राणी फर्डिनंड व इसाबेला यांच्यात करार झाला. मुसलमानांचा धर्म, मशिदी, काझी आणि चालीरीती यांना हात लावणार नाही, असे त्यात लिहून दिले होते. २ जानेवारी १४९२ रोजी शहर ताब्यात गेले. दहा वर्षे पुरती झाली नाहीत तोच करार मोडला. १४९९ साली कार्डिनल सिस्नेरोस ग्रॅनडात आले, सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले आणि अरबी पुस्तकांची होळी झाली. वैद्यकाची पुस्तके तेवढी वगळली. ही होळी झाली ती बिब-रांब्ला चौकात, जिथे आमचे टेबल मांडलेले होते. तिथून हाकेच्या अंतरावर १३४९ साली सुलतान यूसुफ पहिले यांनी स्थापलेला मदरसा आहे. आज ती वास्तू ग्रॅनडा विद्यापीठाकडे आहे. शिक्षक म्हणून आम्ही तिच्या दारात थोडा वेळ उभे राहिलो होतो.

१५०२ मध्ये कास्तीलच्या राज्यात फर्मान निघाले की बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना पुढे मोरिस्को म्हणू लागले. आणि मग ताट साक्षीला उभे राहिले. कोण डुकराचे मांस खात नाही, कोण वाइन पीत नाही, कोणाच्या घरी चरबीऐवजी तेलात शिजते, कोण जमिनीवर बसून कुसकुस खातो, कोण एक महिना दुपारचा जेवत नाही, अशा गोष्टी इन्क्विझिशनच्या दफ्तरात पुरावा म्हणून नोंदल्या गेल्या. सांगणारे शेजारी असत, मोलकरणी असत. बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांच्या बाबतीतही हेच. शनिवारी ज्याच्या धुराड्यातून धूर निघत नाही तो संशयित. अशा दिवसांत हामोनचा तुकडा हे खाणे नव्हते. तो जबाब होता.

१५०४ साली उत्तर आफ्रिकेतल्या ओरानशी नाव जोडलेल्या एका मुफ्तींनी या लोकांसाठी फतवा दिला. त्याचा आशय असा की जबरदस्तीने डुकराचे मांस खायला लावले तर खा, दारू पाजली तर प्या, मनात मात्र ते नाकारत राहा. धर्मशास्त्राने दाखवलेली ही मोठी दया आहे. पण जरा त्या माणसाचा विचार करा, जो शेजाऱ्यासमोर हसतमुखाने घास गिळतो आणि गिळताना आत 'नाही, नाही' म्हणत राहतो. समजा, त्या घासाची चव चांगलीही असेल. ती त्याला कळेल काय?

सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'मध्ये, म्हणजे १६०५ च्या पहिल्या भागात, एक मजेदार प्रसंग आहे. तोलेदोच्या बाजारात सापडलेल्या अरबी वहीचा अर्थ एक मोरिस्को वाचून दाखवत असतो आणि मध्येच हसू लागतो. समासात कुणीतरी लिहून ठेवलेले असते की नायकाची लाडकी डुल्सिनिया डुकराचे मांस खारवण्यात सबंध ला मांचात पहिली होती. आज आपण यावर सहज हसतो. ज्या काळात हेच मांस खाणे शुद्ध रक्ताचा दाखला मानले जाई, त्या काळात एका मोरिस्कोच्या तोंडी हे हसू घालणारा लेखक काय सांगत होता, ते ज्याचे त्याने ओळखावे.

ताटानंतर जिभेची पाळी आली. १५६७ च्या राजाज्ञेने अरबी बोलणे, लिहिणे, वाचणे सोडण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. त्याबरोबर पोशाख आणि हमामखानेही बंद. फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या एका वृद्ध मोरिस्को सरदाराने ग्रॅनडाच्या न्यायमंडळापुढे निवेदन दिले. मुद्दा साधा होता. पोशाख आणि भाषा या प्रांताच्या गोष्टी आहेत, धर्माच्या नव्हेत. पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतात, म्हणून ते कमी ख्रिस्ती ठरतात काय? भाषेला धर्माचे लेबल लावणाऱ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या आम्हा उर्दू शिक्षकांना हा म्हातारा अगदी घरचा वाटला. त्याचे कुणी ऐकले नाही. १५६८ मध्ये आल्पुहारास डोंगरात उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आले. आज त्याच आल्पुहारासमधले त्रेवेलेस हे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? हामोनसाठी.

आता त्या 'बाले' म्हणणाऱ्या माणसाकडे पुन्हा पाहा. ज्या चौकात 'नको' म्हटल्याबद्दल माणसे धरली जाऊ शकत होती, तिथे आमच्या 'नको'ला दोन मिनिटांत दुसरी बशी आली. हे आपोआप घडले नाही. १९७८ च्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिले. १९९२ साली, म्हणजे त्या शरणागतीला बरोबर ५०० वर्षे झाली तेव्हा, स्पेनच्या सरकारने तिथल्या मुस्लिमांच्या आयोगाशी करार करून त्याचा कायदा केला. त्यात हलाल अन्नाचा उल्लेख आहे आणि शाळेत जेवणाऱ्या मुस्लिम मुलांनी मागणी केल्यास त्यांच्या धर्माला चालेल असे जेवण देण्याचा प्रयत्न व्हावा, असेही म्हटले आहे. २००३ साली आल्बाइसीन टेकडीवर नवी मशीद उघडली. त्या देशात सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. पण जुना हिशेब काही अंशी का होईना, कागदावर मिटवता येतो, हे त्यांनी दाखवले.

म्हणून आम्हाला वाटते की चैनीची खरी परीक्षा पैशाने होत नाही. ज्या टेबलावर माणूस न घाबरता, न लाजता 'नको' म्हणू शकतो, तिथेच तो मनापासून 'हवे' म्हणू शकतो. हामोनला नकार देण्याची सोय होती म्हणून काकवीच्या वांग्याची चव लागली. ओरानच्या फतव्यावर जगणाऱ्या त्या माणसाला पंचपक्वान्नांतही चैन नव्हती.

हे बोलताना फक्त स्पेनकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात २०१५ साली घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावाने एका माणसाला ठार मारले. ताटाला साक्षीला बोलावण्याची सवय एका देशाची किंवा एका शतकाची नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दिवसांत डबा उघडला की आधी त्यात काय आहे हे पाहून मग बसायची जागा ठरवणारे सहकारी आम्ही पाहिले आहेत. कुणी वाईट बोलत नसे. फक्त खुर्ची थोडी सरकत असे.

आणि आपल्या घरचे ताट? आपला दस्तरखान मोठा, मन मोठे आणि आग्रहही मोठा. ईदला शेजारच्या मराठी शाळेतल्या बाई येतात. त्या शाकाहारी. त्यांच्यासाठी शीरखुर्म्याचे पातेले आपण वेगळे ठेवतो, हे चांगलेच. पण त्यांचा श्रावण चालू असला, उपास असला, किंवा नुसतेच नको वाटत असले तर? 'आमच्या घरचे चालत नाही वाटतं?' असे हसत हसत म्हणणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो. त्या एका वाक्याने आग्रहाची सक्ती होते. बाई दोन चमचे कशाबशा खातात आणि आपल्याला वाटते, माणूस जोडला. वास्तविक त्या क्षणी आपण त्यांच्या घासाला जबाब देण्याच्या पिंजऱ्यात उभे केलेले असते. हे इन्क्विझिशन नव्हे, कबूल. पण त्या वाटेवरची पहिली पायरी अशीच हसतमुख असते. पाहुण्याने 'नको' म्हटल्यावर जो बशी उचलतो आणि दुसरे काही आहे का ते पाहायला आत जातो, तो यजमान आपल्याला व्हायचे आहे.

तेव्हा चैन करावी काय, याचे आमचे उत्तर असे. घेणाऱ्याचा हक्क मापाने चुकता करावा आणि त्यात काचकूच करू नये. दिखाव्यासाठी काढलेल्या कर्जापेक्षा स्वतःच्या जिवाला दिलेल्या एका संध्याकाळीला कमी लेखू नये. ती संध्याकाळ घरातल्या बाईच्याही वाट्याला येईल, तिला आवडणारे काय हे विचारले जाईल, हे पाहावे. आणि आपल्या ताटाशी येणाऱ्या प्रत्येकाला 'नको' म्हणण्याइतकी जागा ठेवावी. इतके जमले तर २६ युरोंचे बिल असो की दहा रुपयांचा वडापाव, खाणाऱ्याला दोन्ही भाषांतली चैन एकदमच मिळेल.